चार कातरण्या

गिरणीवाला साधं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. तीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून त्याचा गळाच तसा झाला होता. त्या सकाळी तो मेंढवाड्याच्या फाटकाशी आला आणि नेहमीसारखा ओरडला, "काका, झाल्या का चार कातरण्या?"

म्हातारा लोकरीच्या ढिगापाशी मांडी घालून बसला होता. मेंढ्यांची कातरणी आदल्या संध्याकाळी संपली होती, आता निवडणी चालू होती. मानेची मऊ लोकर एकीकडे, पाठीची दुसरीकडे, पोटाखालची मळकी तिसरीकडे. त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याला जेमतेम हातभर अंतरावरचं दिसायचं. पण या कामाला डोळे लागतातच कशाला, असं त्याचं म्हणणं. अंगठा आणि दोन बोटं पुरतात.

"झाल्या की," तो म्हणाला. "काल चौथी झाली."

"मग आणू ना माझ्या पिंगळी कुत्रीला? आठ-दहा दिवसांत माजावर येईल. सहा वर्षांची झाली ती, काका. आणखी किती थांबवू तिला?"

"आण. चार झाल्या की आण, असं मीच म्हणालो होतो."

सून पलीकडे दगडावर कातरीला धार लावत होती. तिचा हात थांबला. चौथी नव्हे, तिसरी कातरणी झाली होती, आणि हे फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. ज्याच्यासाठी ही मोजणी चालली होती तो काजळ्या कुत्रा तिच्या आणि म्हाताऱ्याच्या मधोमध पसरला होता आणि लोकरीचा एक झुपका तोंडात धरून चघळत होता.

या घरात सगळ्याचं वय कातरण्यांत मोजायची रीत होती. वर्षाला दोन, एक उन्हाळा सुरू होताना आणि एक पाऊस सरल्यावर. सून घरात आली त्याला बारा कातरण्या झाल्या होत्या. सासूबाई गेल्या त्याला पाच. महिने, वर्षं, तारखा हे सगळं म्हाताऱ्याच्या लेखी मास्तर लोकांचं काम. आणि कुत्र्याने चार कातरण्या पाहिल्याशिवाय त्याला कुत्री दाखवायची नाही, हा त्याच्या बापापासूनचा नियम. तो सांगायचा, "पहिल्या कातरणीला कुत्रा घाबरतो. दुसरीला भुंकतो. तिसरीला मध्ये मध्ये करतो. चौथीला गप बसून बघतो. गप बसता आलं की मग बाप व्हायला हरकत नाही." सासूबाई होत्या तेव्हा यावर म्हणायच्या, "हा नियम माणसांनाही लावायला हवा होता, मी सुटले असते." म्हातारा यावर दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

आदल्या दिवशी काजळ्याने काय केलं होतं, ते सुनेने पाहिलं होतं. मेंढी आडवी पाडून तिचे पाय गुडघ्याखाली धरले की हा पठ्ठ्या येऊन मेंढीचा कान चाटायचा. दोनदा कातर पळवली. म्हणजे तिसरीचं लक्षण अगदी ठरल्याप्रमाणे.

चूक झाली होती ती मागच्या हिवाळ्यात. म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, वाकायचं नाही, उचलायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच कळपात खरूज शिरली. औषध कातडीला लागायचं तर लोकर उतरवणं भाग होतं. सून आणि तिचा नवरा तीन दिवस कातरत बसले. उघड्या पडलेल्या मेंढ्या थंडीने कुडकुडायला लागल्या, तेव्हा सुनेने रिकामी पोती उसवून त्यांना झग्यासारखी शिवून घातली. तरी दोन गेल्या. आतल्या खोलीत पडलेल्या म्हाताऱ्याने कातरीचा आवाज ऐकला आणि विचारलं, "कातरणी आली का ग?" ती म्हणाली, "हो, मामा." त्याने ती मोजून टाकली. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला ऋतू कोण सांगणार? मेलेल्या दोन मेंढ्या विकल्या असं त्याला सांगितलं गेलं. मग पट्टी सुटली, एक डोळा गेलेला निघाला, आणि खरं सांगायची वेळ पुढे पुढे ढकलत इथवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दुधाच्या टँकरवर जायला निघाला, तेव्हा सुनेने त्याला हापशापाशी गाठलं.

"मामांनी शब्द दिला गिरणीवाल्याला."

"मग?"

"मग काय? तीनच झाल्यात. कुत्रा सोळा महिन्यांचाही नाही."

नवऱ्याने तोंडावर पाणी मारलं. "सांगू नकोस. दुसरा डोळाही वर्षभरात जाणार असं डॉक्टर म्हणालाय. पिल्लं बघायचीत त्यांना. रोज तेच बोलतात. बघू देत." आणि तोंड पुसत म्हणाला, "अगं, कुत्रा आहे तो. जावई नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यात ती रोज दोनदा औषध घालायची आणि थेंब पडेपर्यंत तो एकच विषय काढायचा. काजळ्याच्या डोळ्यांभोवती काजळाची रेघ होती तशी त्याच्या आईच्या, आजीच्या डोळ्यांभोवतीही होती. आई गेली, भावंडं गेली, आता हा एकटाच उरलेला. ती रेघ पिल्लांत उतरलेली एकदा डोळ्यांनी बघायची, मग डोळे गेले तर गेले. असं तो औषधाचा थेंब पुसता पुसता म्हणायचा. तिचा सासऱ्यावर फार जीव होता. या घरात तिला पहिल्या दिवसापासून कोणी पोरी म्हटलं असेल तर त्यानेच.

त्याच दिवशी दुपारी ओढ्याकाठी मेंढ्या चरत असताना गिरणीवाला सायकलवरून पिठाची पोती घेऊन गेला. त्याच्या कपड्यांना पिंगळीचा वास असणार. काजळ्याने मान वर केली, नाक फेंदारलं आणि मागचा पुढचा विचार न करता सायकलच्या मागे निघून गेला. सुनेने शीळ घातली, हाका मारल्या. कुत्रा बहिरा झाला होता. ती त्याच्या मागे वळणापर्यंत धावली आणि परत आली तोवर अर्धा कळप शेजारणीच्या शेंगांच्या शेतात होता.

शेजारीण कंबरेवर हात देऊन उभी होती. "राखण कोण करतंय तुझ्या मेंढ्यांची?"

"कुत्रा होता, मावशी."

"होता ना? आता कुठे गेला? सासरी?"

सुनेने मेंढ्या बाहेर काढल्या. मग शेजारणीच्या नजरेसमोर गुडघ्यांवर बसून मोडलेलं कुंपण काटेरी तारेने पुन्हा बांधलं. प्रत्येक गाठ शेजारीण ओढून बघत होती आणि सैल लागली की पुन्हा बांधायला लावत होती. एक कोकरू त्याच तारेत अडकलं होतं. त्याचा कान फाटला होता. काजळ्या तासाभराने शेपूट घालून परत आला, तेव्हा त्याचं तोंड पिठाने पांढरं झालं होतं. तिने त्याला मारलं नाही. कोकराचा रक्ताळलेला कान त्याच्या नाकाशी धरला. त्याने तो चाटला, आणि चाटता चाटता कोकराशी खेळायलाच लागला. पोर होतं ते. अंग वाढलं होतं एवढंच.

घरी आल्यावर ती हातपाय न धुताच म्हाताऱ्यासमोर लोकरीच्या ढिगापाशी बसली.

"मामा, एक सांगायचंय."

"सांग की."

"कातरण्या तीनच झाल्यात."

त्याची बोटं चालूच होती. "चार. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हाची धरून चार."

"ती कातरणी नव्हती." मग तिने सगळं सांगितलं. खरूज, औषध, पोती. मध्ये थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करणं जमलं नसतं. "आणि त्या दोन मेंढ्या विकल्या नव्हत्या. मेल्या."

"कोणत्या?"

"आखूड कानाची. आणि तिच्यासोबत असायची ती."

म्हाताऱ्याने हातातली लोकर खाली ठेवली. मग त्याने उजवा हात आपल्या चांगल्या डोळ्यासमोर आणला आणि बोटं उघडमीट करून पाहिली.

"ह्या खेपेला लोकर आखूड का लागतेय असं मी तुला विचारलं होतं. दोन पेरं भरायला हवी, दीडसुद्धा भरेना. तू म्हणालीस, चारा कमी पडला."

"हो, मामा."

"मला वाटलं, डोळे गेले, आता बोटंही चालली. काल रात्रभर हाच विचार. कोणाला सांगणार? बोटं गेल्यावर मी या घरात काय करणार होतो?" त्याने लोकरीचा एक झुपका उचलून पुन्हा बोटांत ओढून पाहिला. "म्हणजे बोटं बरोबर होती."

"बोटं बरोबर होती, मामा. मीच खोटं बोलले."

आता मात्र तिला रडू फुटलं. म्हातारा थोडा वेळ तिला रडू देत बसला आणि मग म्हणाला, "बास झालं. लोकर भिजतेय."

ती रडता रडता हसली. त्याने चाचपत तिचा हात धरला, तारेने ओरबाडलेले तळवे त्याला लागले, ते कशाने म्हणून विचारलं. तिने शेंगांच्या शेताचंही सांगितलं. "पुन्हा मला असं सांभाळू नकोस," तो म्हणाला. "मेलं तर मेलं म्हणायचं. मला रडता येतं."

"मी गप्प राहिले असते तर तुम्हाला पिल्लं बघायला मिळाली असती."

"मिळाली असती," तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून उगाच 'नाही' म्हणाला नाही. त्याचा चेहरा पडला तो तिला दिसला. "पण मला बघायची हौस म्हणून त्याला घाईने बाप करायचा? आणि त्याचं हाड भरायच्या आत घाई केली म्हणून पिल्लांतलं एखादं पुढे लंगडायला लागलं, तर ते कोणाला दाखवत फिरू? चल, ऊठ. गिरणीत जायचंय."

गिरणीत दळण घेऊन आलेली पाच-सहा माणसं बसली होती. म्हातारा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आत आला तसा गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. पापण्यांपर्यंत पीठ असलेल्या त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा बंद असूनही त्याच आवाजात म्हणाला, "काका, म्हणजे तुम्हाला चारपर्यंत मोजता आलं नाही?"

बसलेल्यांतलं कोणीतरी खुदकन हसलं. सुनेचे कान तापले. ती म्हणाली, "दादा, चूक त्यांची नाही, मी—" पण खांद्यावरची बोटं रुतली आणि ती गप्प झाली.

"मोजणी माझी, चूक माझी," म्हातारा म्हणाला. "चुकून दिलेला शब्द परत घ्यायला आलोय."

"आणि माझी कुत्री? तिचं वय तुमच्या मेंढ्यांसाठी थांबतंय होय? खाटकाचा कुत्रा तयारच आहे. उद्या आणतो."

"आण. तुझी कुत्री, तुझी मर्जी. फक्त कोणताही कुत्रा आण, आधी त्याची चाल बघ."

बाहेर आल्यावरही म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावरची पकड घर येईपर्यंत सैल केली नाही.

पण गिरणीवाला नुसता तोंडाचा फाटका होता. दुसऱ्या दिवशी तो मित्राचा टेम्पो घेऊन दारात हजर. मागे पिंगळी बांधलेली. "जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्या म्हणतील ते खरं. त्या आजच लावा म्हणाल्या, तर तुमची चौथी कातरणी मी माझ्या मिशीची करून देतो."

काजळ्याला पुढे सुनेच्या पायांशी बसवलं, पिंगळीला मागे, आणि मध्ये म्हातारा. सगळ्या वाटेत कुत्र्याची मान मागे वळलेली आणि म्हातारा ती पुन्हा पुढे करतोय.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काजळ्याला गुंगीचं औषध दिलं, मागचे पाय सरळ ताणून खुब्यांचा फोटो काढला आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. म्हाताऱ्याला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. सून त्याच्या कानाशी सांगत होती, "दोन गोळे आहेत, मामा. वाटीत बसल्यासारखे."

"आज लावला तर पिल्लं होतील," बाई म्हणाल्या. "त्यात काही अडचण नाही. वर्षाच्या आतला नरही बाप होतो. प्रश्न काय पुढे जाईल हा आहे. खुबा आज बरा दिसतोय, पण हाड अजून भरतंय. दोन वर्षं पुरी झाली की पुन्हा फोटो काढू. सांध्यात दोष असेल तर तो पिल्लांत उतरतो. आणि दोघांचंही रक्त तपासून घ्यायचं, आधी."

"आणि माझी कुत्री म्हातारी होतेय त्याचं काय?" गिरणीवाला ओरडला. कोपऱ्यातली मांजर टेबलाखाली गेली.

"दोनदाच व्यालीय, तब्येत ठणठणीत. पुढच्या माजापर्यंत थांबली तर बिघडत नाही. त्यानंतर मात्र नको. एकच संधी आहे असं धरा."

गिरणीवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "वाचली म्हणायची," तो म्हणाला आणि पिंगळीकडे बघून एक सुस्कारा सोडला. खाटकाच्या कुत्र्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, दोन वर्षं म्हणजे कातरण्या किती?"

बाईंना कळेना. सून म्हणाली, "चार, मामा."

पाऊस आला आणि गेला. म्हाताऱ्याचा दुसरा डोळा त्या पावसात गेला. एका सकाळी त्याने चहाच्या कपाला हात घातला तो कपाच्या शेजारी पडला, आणि त्याने पुन्हा घातला तो पुन्हा शेजारीच पडला. सुनेने कप त्याच्या हातात दिला. दोघांनाही कळलं. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "पिल्लं राहिली बघायची." एवढंच. तिला वाटलं, आपण तेव्हा जीभ आवरली असती तर? हा विचार पुढे कित्येक दिवस तिच्या मनातून हलला नाही.

काजळ्याला मात्र काही कळलं असावं. पूर्वी तो म्हाताऱ्याच्या पायांत घोटाळायचा. आता तो त्याच्या डाव्या गुडघ्याला अंग लावून चालायला लागला, उंबऱ्याशी थांबायला लागला. शेंगांच्या शेताच्या कुंपणाशी तर तो असा उभा राहायचा की शेजारणीलाही तक्रारीला जागा उरली नाही.

पाऊस सरल्यावरच्या कातरणीला तिने मुद्दाम त्याच्यावर लक्ष ठेवलं. पहिली मेंढी आडवी झाली, दुसरी झाली. काजळ्या भिंतीशी बसून बघत होता. कातर त्याच्यासमोर पडली तरी त्याने तोंड लावलं नाही.

"काय करतोय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गप बसलाय, मामा."

"कितवी ही?"

"चौथी."

"नक्की?"

"नक्की. हात माझेच दुखतायत."

दोन वर्षं भरली त्या आठवड्यात म्हाताऱ्याने अंगणात चुलीतली राख चाळून पसरायला सांगितली. हीही त्याच्या बापाचीच रीत. सुनेने काजळ्याला दोरीने धरून राखेवरून दुडक्या चालीने नेलं. मग म्हातारा ओणवा झाला आणि एकेक ठसा बोटाने वाचत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेला. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतोय का, एखादा पंजा फरफटतोय का, एक बाजू जास्त दाबली जातेय का. उठला तेव्हा त्याचे गुडघे, कोपरं, मिशा सगळं राखेने माखलं होतं.

"तयार झाला," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो काढून, रक्त तपासून तेच सांगितलं, फक्त त्यांना कपडे खराब करावे लागले नाहीत. पिंगळी माजावर आली, दोघांची भेट झाली, आणि दोन महिने गिरणीवाला प्रत्येक दळणाबरोबर तिच्या पोटाची बातमी फुकट देत राहिला.

पाच पिल्लं झाली. चौथ्या दिवशी सून म्हाताऱ्याला घेऊन गिरणीत गेली. पोत्यांच्या मागे, पट्ट्यापासून लांब, जुन्या गोधडीवर पिंगळी पडली होती. तिने म्हाताऱ्याचा हात हुंगला आणि मान खाली ठेवली. सुनेने पाचांतलं एक पिल्लू उचलून त्याच्या ओंजळीत दिलं.

"ह्याच्या डोळ्यांभोवती रेघ आहे," ती म्हणाली. "अगदी तशीच. बाकी कोणाला नाही, ह्यालाच."

म्हाताऱ्याने पिल्लू छातीशी धरलं. अंगठा डोक्यावरून, पाठीवरून फिरवला, मागचे इवले पाय हळूच ताणून सोडले. मग एक बोट त्याच्या तोंडावर नेऊन थांबवलं.

"डोळे मिटलेत याचे?"

"अजून उघडायचेत, मामा. दहा-बारा दिवस लागतात."

"ते मला ठाऊक आहे ग." "उघडले की मला इथे घेऊन ये. सगळ्यात आधी माझ्यासमोर धर त्याला."

"मामा..."

"मला दिसणार नाही, मला कळतंय. त्याला दिसेल ना? एकमेकांना बघायचं एवढंच होतं. दोघांतल्या एकाने बघितलं तरी झालं."

सुनेने त्याच्या ओंजळीखाली आपले हात धरले, पिल्लू पडणार नव्हतं तरी.

मागून गिरणीवाला काहीतरी म्हणाला. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"त्या दिवशी गिरणी बंद ठेवतो," तो म्हणाला. "पिल्लू दचकायला नको."